धोका कोणाचा आणि नोंद कोणाची?

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे आहे. नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी अशी महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांत रत्नागिरीचे सर्वांत लहान, ३६५ खाटांचे. कोकणातून आणि घाटावरच्या कोल्हापूर-सांगलीकडून माणसे येथे आणली जातात. ‘आणली जातात’ हे मी जाणूनबुजून लिहितो आहे. ज्या कायद्याच्या अमलात हे इस्पितळ उभे राहिले, त्या १८५८ च्या कायद्याला आपल्या पायांनी चालत येणारा रोगी ठाऊकच नव्हता. भटकणारे वेडे आणि वेडामुळे ‘धोकादायक’ वाटणारी माणसे यांना पोलिसांनी पकडावे आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे, असे त्या कायद्याचे सांगणे होते. पुढे १९१२ चा कायदा आला, त्यानंतर १९८७ चा आला. इस्पितळाच्या दारावरची पाटी बदलली, डॉक्टरांची पदे बदलली. ‘धोकादायक’ हा शब्द आणि पोलिसाचे काम मात्र कायम राहिले. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, तेव्हा कुठे कायद्याची भाषा रोग्याच्या हक्काकडे वळली. म्हणजे एकशे साठ वर्षे आपल्या देशात वेड्याची पहिली परीक्षा पोलिसाने घेतली.

मी याच जिल्ह्यात मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी येऊन विचारतात: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे, आत्महत्या आणि हिंसा यांवर संशोधन करायचे आहे, वाट कशी आहे? त्यांतले बहुतेक आपल्या वस्त्यांतले असतात; घरातला एखादा तरी माणूस मुंबईला चाकरीस असतो. वाट सांगणे सोपे आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, मग पुनर्वास परिषदेने मान्य केलेले व्यावसायिक प्रशिक्षण आणि शेवटी परिषदेच्या यादीत नाव. या देशात लाखामागे एकही मानसशास्त्रज्ञ पडत नाही, तेव्हा कामाला तोटा नाही. पण जी खुर्ची आपण मागतो आहोत तिच्यावर आजवर कोण बसले, त्यांनी काय मोजले आणि काय मोजायचे टाळले, हे ठाऊक असल्याखेरीज तिच्यावर बसू नये असे माझे मत आहे. हा व्यवसाय धोका मोजण्याचा आहे. कोणाचा कोणाला धोका, हा प्रश्न त्याने फार उशिरा आणि फार अर्धवट विचारला. त्या प्रश्नाचाच इतिहास मला येथे मांडायचा आहे.

१

वेड्यांच्या इस्पितळांतील जुन्या नोंदवह्यांत वेडाच्या कारणासाठी रकाना असे. सरकारला दरसाल तक्ते हवे असत, आणि तक्त्यात रिकामी जागा शोभत नाही. १८९३-९४ साली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांची प्रकरणे एकेक करून तपासली. २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. तपासाअंती त्यांपैकी ९८ प्रकरणेच कशीबशी टिकली. मग बाकीची आली कुठून? पोलिसाने पकडलेल्या माणसाचे नातेवाईक सापडत नसत. कागदावर कारण तर लिहावेच लागे. पोलीस ‘गांजा’ लिहून मोकळा होई आणि इस्पितळातील साहेब तेच उतरवून घेई. पोलिसाचा तर्क अशा रीतीने वैद्यकशास्त्र बनून छापला गेला. ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारले गेले नाही, आणि ज्याने लिहिले त्याने त्याला कधी ओळखले नव्हते. मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे प्रकरण अभ्यासावे असे मी म्हणतो. कारण रकाना भरला की ज्ञान झाले, हा भ्रम आजही गेलेला नाही.

याच काळात सरकारने आणखी एक तक्ता तयार केला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या वाचकांना नवा नाही. पण त्याच्याकडे धोका मोजण्याचे शास्त्र म्हणून सहसा कोणी पाहत नाही. हा माणूस पुढे गुन्हा करील काय, याचे उत्तर त्या कायद्याने त्याच्या जन्मात शोधले. आईबाप पाहिले, जमात पाहिली, निकाल लागला. मग हजेरी, परवाना, सेटलमेंटचे कुंपण. १९११ च्या कायद्याने हे जाळे देशभर पसरले. आपल्या सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. १९५२ साली हा कायदा गेला, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पारधी, कैकाडी, वडार यांच्या पालावर रात्री-अपरात्री पोलीस आजही कोणत्या हिशेबाने येतो, याचे उत्तर या परंपरेत आहे. हिंदुस्थानात हिंसेच्या धोक्याचे पहिले कोष्टक मानसशास्त्रज्ञाने बनवले नाही. ते सरकारने बनवले आणि जातिव्यवस्थेने त्याला आयते रकाने पुरवले. माणसाचा स्वभाव जन्माने ठरतो हे धर्मशास्त्राने आधीच सांगून ठेवले होते. साहेबाने त्यावर शिक्का मारला.

हीच विद्या उलट्या बाजूनेही चालवली गेली. काही जातींना जन्मतः हिंसक ठरवणाऱ्या सरकारने दुसऱ्या काहींना जन्मतः लढण्यास नालायक ठरवले. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी पलटणीत उमर घालवली, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढाऊ वंशाचे नाही. आपल्या दापोलीहून गोपाळबाबा वलंगकर आणि पेन्शनर महार सैनिकांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. मला तो अर्ज नुसता नोकरीचा वाटत नाही. आमच्या मनाविषयी तुम्ही आम्हाला न विचारता जे लिहिले ते आम्हाला मान्य नाही, असा त्याचा अर्थ आहे. या जिल्ह्यातल्या माणसांनी मानसशास्त्रीय निदानाला दिलेला तो पहिला नकार आहे.

२

आत्महत्येचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ हा व्यवसाय खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उभा राहिला. एड्विन श्नाइडमन हे त्यातले मोठे नाव. १९१८ साली जन्मलेला हा माणूस लॉस एंजलिसमध्ये माजी सैनिकांच्या इस्पितळात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता. १९४९ साली दोन मृत सैनिकांच्या कामानिमित्त तो मृत्युचौकशी अधिकाऱ्याच्या दप्तरखान्यात गेला. तेथे आत्महत्या केलेल्या माणसांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्या शेकड्यांनी पडून होत्या. वर्षानुवर्षे त्या दप्तरात होत्या, पण त्यांत काही शास्त्र असेल असे कोणाला वाटले नव्हते. श्नाइडमनने आपला सहकारी नॉर्मन फार्बरो याला बरोबर घेतले. जगण्याला न कंटाळलेल्या सामान्य माणसांकडून तशाच काल्पनिक चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि कोणती खरी, कोणती खोटी हे न कळता दोन्ही ताडून पाहिल्या. या कामातून एक विद्याशाखा जन्मली. १९५८ साली त्यांनी लॉस एंजलिसमध्ये आत्महत्या-प्रतिबंध केंद्र काढले. मृत्यू आपघाती की आत्महत्येचा हे ठरत नसेल, तेव्हा त्या माणसाच्या आप्त-मित्रांना भेटून त्याच्या अखेरच्या दिवसांची मानसिक उत्तरतपासणी करण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली.

श्नाइडमनचे मोठेपण दोन गोष्टींत आहे. एक, मेलेल्या माणसाचा शब्द त्याने पुरावा म्हणून वाचला. दुसरी, आत्महत्या म्हणजे वेड, हे समीकरण त्याने मोडले. माणूस मरण मागत नाही. त्याला असह्य झालेली मनोवेदना थांबवायची असते, आणि ती वेदना त्याच्या मूलभूत गरजा कुचंबल्यामुळे होते, असे त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात, १९९३ सालच्या आपल्या लेखनात ठामपणे मांडले. २००९ साली, ९१ व्या वर्षी तो वारला. त्याचे ऋण मी मानतो. पण त्याच्यापुढे जाऊन एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मान, आपलेपणा, स्वातंत्र्य या गरजा कुचंबल्या म्हणता, तर त्या कुचंबवल्या कोणी? व्यक्तीच्या मनाचा नकाशा काढणाऱ्या या शास्त्राने तिच्या उरावर बसलेल्या व्यवस्थेचा नकाशा काढला नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी जात ही मनात घर करून बसलेली गोष्ट आहे असे दाखवून दिले होते. तिचा विटाळ ज्याच्या मनात आहे त्याला शास्त्राने निरोगी मानले, आणि त्या विटाळाने जो खचला त्याला रोगी.

हिंसेच्या बाबतीत हे शास्त्र अधिक उघडे पडले. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅक्स्ट्रम खटल्यात दिलेल्या निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातील मनोविकृत गुन्हेगारांच्या कडेकोट इस्पितळांतून ९६७ माणसे साध्या इस्पितळांत हलवावी लागली. ही सगळी ‘धोकादायक’ म्हणून वर्षानुवर्षे कोंडलेली. पुढे त्यांचा माग काढला तेव्हा हिंसेकडे वळलेले फारच थोडे निघाले. १९८१ साली जॉन मोनाहन या मानसशास्त्रज्ञाने उपलब्ध संशोधन तपासून सांगितले की, हा माणूस हिंसा करील असे तज्ज्ञांचे भाकीत तीनांत एकदाच काय ते खरे ठरते. मोनाहन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. इस्पितळातून सुटलेला आणि दारू वा अमली पदार्थांच्या आहारी न गेलेला मनोरुग्ण त्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक हिंसक नसतो. आत्महत्येच्या भाकितांचेही तेच. २०१७ साली गेल्या पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की, आपले भाकीत नाणे उडवण्यापेक्षा किंचितच बरे.

यावरून हे शास्त्र टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. माणसाजवळ बसून त्याचे ऐकणारा, त्याला आजची रात्र तरून जायला मदत करणारा मानसशास्त्रज्ञ हवाच. पण माणसाच्या कपाळावर धोका लिहिता येतो हा अहंकार शास्त्राने स्वतःच खोटा पाडला आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक हवे.

३

आता आपल्याकडे येऊ. मारुती श्रीपती दुबल हा मुंबई पोलिसांतला शिपाई. १९८१ साली अपघातात डोक्याला मार लागला आणि पुढे मन बिघडले. घर चालावे म्हणून बायकोला भाजीचे दुकान लावायचे होते, त्याच्या परवान्यासाठी तो महापालिकेत खेटे घालत होता. १९८५ साली आयुक्तांची भेट नाकारली गेली आणि त्याने तेथेच जीव देण्याचा प्रयत्न केला. कायद्याने त्याला काय दिले? भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली खटला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने दुबलच्या अर्जावर ते कलमच घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसेच म्हटले आणि १९९६ साली आपले मत फिरवले. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतून जुने कलम गळाले. मात्र सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी वा अडवण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न कलम २२६ खाली गुन्हाच राहिला. म्हणजे घरात खचलेल्या माणसाला दया मिळाली. सरकारी दारात खचणाऱ्याला शिक्षा उरली. दार का उघडले नाही, हे विचारणारे कलम कुठल्याच संहितेत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो दरवर्षी आत्महत्यांचे तक्ते छापतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र २२,७४६ आकड्यासह सर्वांत पुढे. एकूण मृतांत २६.४ टक्के रोजंदारीवर जगणारे. शेतीवर जगणाऱ्यांत ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पण २००५-०६ च्या शासन निर्णयांनी एक लाखाची मदत द्यायची ठरली तेव्हा पात्रतेसाठी घराच्या नावे जमीन हवी, कर्ज हवे, त्याचा तगादा हवा. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो मेल्यावरही अपात्र. पिढ्यानपिढ्या जमीन कोणाला मिळू दिली गेली नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले ते याच कोकणासाठी.

ब्यूरोच्या तक्त्यात वय असते, शिक्षण असते, धंदा, उत्पन्न, लग्न झाले की नाही, सारे असते. कारणांत ‘कौटुंबिक प्रश्न’ आणि ‘आजार’ हे रकाने फुगलेले असतात. २०२२ साली या दोहोंतच निम्म्या आत्महत्या बसवल्या गेल्या. जातीचा रकाना छापला जात नाही, आणि ‘अपमान’, ‘बहिष्कार’ या नावांनी जातीच्या जाचाला ओळखणारे कारण तेथे सापडत नाही. हे कारण लिहितो कोण? ठाण्यातला अंमलदार. १८९२ साली तो ‘गांजा’ लिहीत होता, आज ‘कौटुंबिक’ लिहितो.

२००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वागणुकीची चौकशी झाली. वसतिगृह, भोजन, वर्ग, परीक्षा येथे होणारा भेद त्या अहवालाने उघड केला. समितीचे प्रमुख होते आपल्या अमरावतीकडचे डॉ. सुखदेव थोरात, अर्थशास्त्रज्ञ. माझ्या मते उच्च शिक्षणातील आत्महत्येच्या धोक्याचे या देशातील ते सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे, आणि ते मानसशास्त्रज्ञाने केलेले नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. सरकारने नेमलेल्या रूपनवाल आयोगाने कारण वैयक्तिक ठरवले आणि मृताच्या जातीचीच शहानिशा केली. श्नाइडमन मेलेल्याच्या मनाची उत्तरतपासणी करीत होता. येथे जातीच्या दाखल्याची झाली. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी जळगावकडची आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. यानंतर जागोजागी समुपदेशन केंद्रे निघाली. केंद्रे असावीत. पण विद्यार्थ्याला ‘कणखर हो’ असे शिकवायचे आणि त्याला चिरडणाऱ्या हाताची साधी नोंदही करायची नाही, याला मी उपचार म्हणणार नाही.

४

मग आपल्या बाजूने धोका मोजण्याचे साधन काहीच नाही काय? आहे. १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम. त्यातील नियम ३ सांगतो की, जेथे अत्याचार होण्याची शक्यता आहे अशी क्षेत्रे राज्य सरकारने आधीच शोधून काढावीत आणि तेथे बंदोबस्ताची पावले उचलावीत. या नियमाचे मोल आपण ओळखलेले नाही. हिंसेचा धोका येथे प्रथमच माणसाच्या जन्मात न शोधता गावात, सत्तेत, जमिनीच्या भांडणात शोधायचा आहे. १८७१ च्या कायद्याला घटनेने दिलेले हे उत्तर आहे.

ते वापरले असते तर काय झाले असते याचा विचार करताना मला खैरलांजी आठवते. सुरेखा भोतमांगे हिने एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर या चौघांचा जमावाने खून केला. दलित कुटुंब, थोडी जमीन, शिकणारी मुले, साक्ष देणारी बाई, सुटलेले आरोपी. हा धोका ओळखायला कोणती प्रश्नावली लागत होती? पुढे २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार-प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. आधी धोका नोंदला गेला नव्हता. नंतर हेतूही नोंदला गेला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातवार कामवाटपाचे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. त्या निकालाचे स्वागत करताना काही मित्र म्हणाले, मग तुम्ही आत्महत्येच्या तक्त्यात जात कशाला मागता? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, रकाना कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे यावर त्याचा न्याय-अन्याय ठरतो. तुरुंगात जात लिहिली जाई ती मैला कोणी उपसायचा हे ठरवण्यासाठी. तो रकाना खोडलाच पाहिजे. आत्महत्येच्या आणि अत्याचाराच्या नोंदीत जात लिहायची ती कोणावर काय झाले हे सिद्ध करण्यासाठी. तो रकाना छापलाच पाहिजे. जेथे जात राबवायची तेथे ती लिहायची आणि जेथे तिचा जाब द्यावा लागतो तेथे ती गाळायची, हा प्रस्थापितांचा जुना हिशेब आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: हा व्यवसाय अवश्य घ्या. रत्नागिरीसारख्या ठिकाणी आपल्या बोलीत ऐकणारा, आपल्या वस्तीची लाज न बाळगणारा मानसशास्त्रज्ञ हवा आहे. आज ज्याचा जीव घाबरा झाला आहे त्याला उद्याच्या क्रांतीची वाट पाहायला सांगू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या माणसांना बोलवा, कोणीच नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, तो लावून द्या. पण त्याचा कागद भरताना तीन प्रश्न स्वतःहून घाला. याला गेल्या वर्षभरात कोणी, कुठे, काय म्हणून हिणवले? याने तक्रार कोणाकडे केली आणि तिचे काय झाले? याला धोका देणारी माणसे आणि संस्था आज कोणत्या जागेवर आहेत? तुमच्या परीक्षकांना हे प्रश्न मानसशास्त्राबाहेरचे वाटतील. वाटू द्या. दापोलीच्या पेन्शनरांचा अर्जही कोणी मनावर घेतला नव्हता. लिहिणाऱ्यांनी लिहिणे सोडले नाही, म्हणूनच तो आपल्याला वाचायला उरला. तुमच्या हाती आता सरकारी फॉर्मच येणार आहे. तो कोरा ठेवू नका, आणि दुसऱ्याने सांगितलेले त्यात उतरवू नका.